पाटी की पेटी

चहाला नाही म्हणणारी माणसं दोन प्रकारची. काहींना पित्त असतं आणि काहींना आग्रह हवा असतो. भाऊ या दोन्हींत बसत नव्हते. त्यांना चहा अतिशय आवडायचा. पण ज्या घरात लग्नाची पत्रिका लिहून घ्यायला जात, तिथे नावांचा क्रम नक्की होईपर्यंत ते पाण्यापलीकडे काही घेत नसत. कप समोर आलाच, तर उचलून त्या घरातल्या सगळ्यात रागावलेल्या माणसापुढे ठेवायचे. तो माणूस कोण हे त्यांना कसं कळायचं, देव जाणे. पण चुकायचे नाहीत. आणि सगळं ठरलं, कुणाचं काही राहिलं नाही, की पेनाला टोपण लावून म्हणायचे, "हं. आता चहा टाका."

मी त्यांच्याकडे टायपिंगला होते. वसई गावात, बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान. लग्नाच्या पत्रिका, मुंजीच्या, वास्तुशांतीच्या, बाराव्या-तेराव्याची कार्डं. आम्ही परळची खोली विकून वसई रोडला फ्लॅट घेतला, मुलगी शाळेत जायला लागली, मिस्टर सकाळी जायचे ते रात्री उगवायचे, आणि मला दुपार खायला उठायची. कॉम्प्युटर मी कुठल्या क्लासात शिकले नाही. शेजारच्या मुलाचं पुस्तक वाचून आणि त्याच्याच मशीनवर चुका करून शिकले. मराठी फॉन्टला कुठल्या बटणावर कुठलं अक्षर, ते मी भाजी चिरताना पाठ केलं. भाऊंनी मला नोकरीवर घेताना एकच प्रश्न विचारला. "ताई, तुमच्या लग्नाच्या पत्रिकेत काय चुकलं होतं?" मी म्हटलं, "माझ्या मामाचं नाव राहिलं होतं." म्हणाले, "अजून आठवतंय ना? मग या उद्यापासून."

भाऊ इथलेच, खाडीकाठच्या शेतकरी घरातले. दुकानात आमच्याशी बोलताना 'पाणी' म्हणायचे आणि गावातलं कुणी आलं की त्याच वाक्यात 'पानी'. तरुणपणी ते छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाची अक्षरं उचलून एकेक ओळ लावायची, आणि ती लावताना वाचायची उलटी. सगळं आयुष्य त्यात गेल्यामुळे त्यांना उलटं-सुलटं सारखंच. हॉटेलात समोरच्या माणसाचं वर्तमानपत्र ते आपल्या बाजूनं वाचून काढायचे आणि वर त्याला सांगायचे, "आतलं पान बघा, तिकडे बरी बातमी आहे."

यातूनच त्यांची ती लिहायची तऱ्हा निघाली असणार. लोकांच्या घरी गेले की खुर्चीवर बसत नसत. स्वतःची चटई नेलेली असायची, ती जमिनीवर अंथरायची, मधोमध कागद ठेवायचा, आणि घरातली सगळी माणसं पलीकडच्या बाजूला बसवायची. मग लिहायचे ते उलटं. म्हणजे कागदाचं तोंड माणसांकडे, आणि भाऊ आपल्या बाजूनं अक्षरं डोक्यावर उभी करत चाललेत. पलीकडून बघणाऱ्याला सुलटं, स्वच्छ. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा काहीतरी गारुड्याचा खेळ आहे. मी विचारलं, "भाऊ, सरळ लिहून मग कागद फिरवून दाखवला तर?"

"फिरवेपर्यंत वेळ जातो ताई. तेवढ्यात माणूस गप्प बसायचं ठरवतो."

त्यांचं म्हणणं होतं की पत्रिका हे भांडण छापून काढायचं काम आहे. लग्नघरात भांडण असतंच. कुणाचं नाव आधी, कुणाचं मागून, कुणाच्या नावाला 'राव', कुणाला नुसतं 'श्री.', कुठल्या काकाला निमंत्रकांत घ्यायचं आणि कुणाला व्यवस्थापकांत ढकलायचं. "भांडण आधी करून घ्या," ते घरोघर सांगायचे. "मांडवात केलंत तर जेवण वाया जातं."

'कृपया आहेर आणू नये' हे वाक्य ते सहजी छापत नसत. घरातल्या कर्त्या माणसाला विचारायचे, "खरंच नको?" तो म्हणायचा, "तसं लिहायची पद्धत आहे." "पद्धत असेल तर नका लिहू. नको असेल तर लिहा." पुष्कळ घरांनी ते वाक्य काढून टाकलं. ख्रिस्ती घरांच्या पत्रिका करायचे, तिथेही हेच. वर क्रूस, खाली चर्चमधल्या मिस्साची वेळ, आणि मधे तेच भांडण. "देव बदलतो, आत्या बदलत नाही," म्हणायचे.

आणि कॉम्प्युटरला ते 'अहो' म्हणत. मशीन अडकलं की मी चिडायची, माउस आपटायची. भाऊ माझ्या मागे उभे राहून अगदी अदबीनं, "अहो, जरा बघता का?" वीज गेली की पडद्याकडे बघून, "बरं, या मग." मला हसू यायचं. पण मशीनला कधी हात लावत नसत. टाइप करणं माझं, लिहून आणणं त्यांचं.

आता मुद्द्यावर येते.

एका पत्रिकेला चार खेपा व्हायच्या. पहिल्यांदा जाऊन लिहून आणायचं. मी टाइप करून कागदावर काढून द्यायची. तो घेऊन परत त्या घरी. तिथे बदल. मग पुन्हा. भाऊ सांडोर, होळी अशा आसपासच्या गावांना, पार चांदीपपर्यंत सायकलवर जायचे आणि पुढे बांधावरून पायी. शेवटी गुडघ्यांनीच हात टेकले. डॉक्टरांनी सांगितलं, फिरणं निम्म्यावर आणा. तोवर स्टेशनच्या बाजूला रंगीत दुकानं झाली होती. तिथे गिऱ्हाईक बसायचं, पोरगा पुढ्यात टाइप करायचा आणि अर्ध्या तासात पत्रिका तयार. मी भाऊंना म्हटलं, आपणही लोकांना इथेच बोलावू. भाऊ म्हणाले, "दुकानात येतो तो एकटा येतो. एकटा माणूस पत्रिका सांगायला लागला, की ती त्याच्या एकट्याची होते. तसंच करायचं असेल तर मी कुलूप लावतो."

म्हणजे दोनच वाटा. एकाच खेपेत सगळं उरकेल असं मशीन घेऊन घरोघर जायचं, नाहीतर दुकान बंद. आणि मशीन एकच परवडणार होतं. चुकीचं आलं तर दुसऱ्यांदा घेणं नव्हतं.

आमची मशीनं दुरुस्त करायला एक तरुण यायचा, त्यानं दिवाळीनंतर दोन वस्तू आणून ठेवल्या. दोन्ही मुंबईच्या कुठल्या ऑफिसातून निघालेल्या, वापरलेल्या. एक लॅपटॉप. दुसरं टॅबलेट म्हणून होतं, तेव्हा ते नवीनच निघालं होतं. नुसता पडदा, बटणं नाहीत, बाजूला एक पेन खोचलेलं, आणि त्या पेनानं थेट काचेवर लिहायचं.

"अंकल, घाई नाही. दोन्ही वापरून बघा," तो म्हणाला. "मार्गशीर्षात येतो. एक ठेवा, एक मी घेऊन जातो. पण ऐका माझं, टॅबलेट दिसायला भारी आहे, तुमच्या कामाला लॅपटॉपच पाहिजे. आंटी, बरोबर ना?"

माझंही मत तेच होतं. भाऊंनी दोन्हींवरून हात फिरवला. लॅपटॉपचं झाकण उघडलं, मिटलं. "ही पेटी," म्हणाले. दुसरं उचलून मांडीवर घेतलं. "आणि ही पाटी."

पहिली बारी पेटीची. होळीला एक वाडीवाल्यांचं घर होतं, केळी आणि फुलं करणारं, माणसांनी भरलेलं. मुलाचं लग्न. मी आणि भाऊ दोघं गेलो. दुपारची वीज गेलेली होती, पण लॅपटॉप बॅटरीवर चालू झाला, तेव्हाच निम्मं घर खूश. भाऊंनी चटई घातली. मी मांडीपुढे पेटी उघडली. आणि मग एक गंमत झाली, ती मला तेव्हा गंमत वाटली. माझ्यात आणि त्या माणसांत झाकण उभं राहिलं. मुलाचे वडील त्या झाकणाशीच बोलायला लागले. "हां, लिवा. आमचे बाबा पयले." झाकणाला नमस्कार केल्यासारखं वाकून सांगत होते. मी पलीकडून पटापट टाइप करत होते. सगळी नावं झाली, किलबिलीत मुलांची नावं झाली, वर गणपती बसवला आणि पेटी त्यांच्याकडे फिरवली.

"अरे वा! छापून पन झाली?"

सगळे पुढे सरकले. आजोबांनी पडद्यावरच्या गणपतीला हात जोडले. भाऊंनी विचारलं, "कोनाचं काही?" कुणाचं काही नाही. पुन्हा विचारलं. "नाय नाय, झ्याक झालीय." एक आत्या होती, मुलाच्या वडिलांची मोठी बहीण. तिनं तोंड उघडल्यासारखं केलं आणि पदरानं ओठ पुसले. चहा आला. भाऊंनी सांगितला नव्हता, तरी आला. नाइलाजानं घेतला.

परतताना मी खुशीत. चार खेपांचं काम एका दुपारी. भाऊंनी रिक्षात चटई पुन्हा घट्ट गुंडाळून मांडीवर घेतली. मग म्हणाले, "ताई, एवढं भरलेलं घर आणि एकाचंही वाकडं नाही? काहीतरी चुकलंय."

मला वाटलं, याला भांडणाचं व्यसन लागलंय.

पत्रिका छापल्या, गेल्या, वाटायला सुरुवात झाली. आणि एक दिवस ती आत्या दुकानात आली. रुमालात पत्रिका गुंडाळून आणलेली. टेबलावर ठेवली, जशी काही कुणी परत केलेली साडी. तिच्या नवऱ्याचं नाव व्यवस्थापकांत गेलं होतं, आणि धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं निमंत्रकांत.

"भाऊ, माजा नवरा काय खुर्च्या लावायला जानार?"

मी म्हटलं, "अहो आत्या, तुम्ही त्या दिवशी बघितलं होतं ना? तेव्हाच सांगायचं."

"बगितलं होतं की. पन तवा छापून झालं होतं. छापल्यावर काय बोलनार?"

"छापलं नव्हतं हो! नुसतं पडद्यावर होतं."

"पडद्यावर काय नि कागदावर काय. अक्षर छापल्यालं होतं ना?"

रोज त्या पडद्यावर अक्षरं पुसायची आणि पुन्हा लिहायची, तेव्हा मला ती कच्चीच वाटत होती. तिनं मात्र आयुष्यभर अशी नीटस अक्षरं फक्त छापून आलेलीच पाहिली होती. भाऊंनी तिला बसवलं, पाणी दिलं, पत्रिका पुन्हा छापून देतो म्हणाले. वाटलेल्या परत गोळा करणं काही जमलं नाही. आत्या लग्नाला गेली, पण जेवली नाही, असं पुढे कळलं. होळीत भाऊंचं नाव होतं. त्या लग्नात पहिल्यांदाच लोक म्हणाले, भाऊंनी घोळ केला.

"तुमच्या पेटीनं भांडण गिळलं ताई," एवढंच ते मला बोलले. नंतर दोन दिवस पेटीला 'अहो' म्हणाले नाहीत.

मग पाटीची बारी. सांडोरला एक घर. मुलीचं लग्न, वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, कारभार धाकट्या काकाच्या हातात. पाटी चांगलीच जड, आणि चालू राहिली की अशी तापायची की वर पापड भाजून निघावा. भाऊंनी ती चटईवर आडवी ठेवली, पेन काढलं आणि आपल्या नेहमीच्या तऱ्हेनं, उलटं, काचेवर लिहायला सुरुवात केली. त्यांचं ते गोल, जरा पसरट अक्षर पलीकडच्यांसमोर सुलटं उमटत गेलं.

पहिली ओळ पुरी व्हायच्या आत भांडण सुरू. "माझ्या नावापुढे राव कुठाय?" "मामांना एवढं खाली का टाकलं?" लोक बोटानं काच घासून नाव पुसायला बघत होते, ते काही पुसलं जात नव्हतं, मग एकमेकांच्या हातातून पेन ओढून घेत होते. चहा आला. भाऊंनी कप काकापुढे सरकवला. त्यांचा चेहरा मी इतका प्रसन्न फार थोड्या वेळा पाहिला.

मुलीची आई मधल्या दारात शेंगा सोलत बसली होती. भाऊ म्हणाले, "वहिनी, तिथून दिसतंय का?" ती नाही म्हणाली, आणि उठून आली. वरून बघत उभी राहिली. पाटीवर लिहिलेलं होतं, कैलासवासी अमुक यांची कन्या. तिनं ते वाचलं. हात पदराला पुसला आणि दिराला म्हणाली, "पेन द्या जरा."

खाली बसली आणि नवऱ्याच्या नावाशेजारी, ओळीत जागा नव्हती म्हणून जरा वर, आपलं नाव लिहिलं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर. वेळ लागला.

मग दीर म्हणाला, "वहिनी, दादाचं नाव आहे ना? आपल्याकडे एकच टाकतात."

"त्यांचं राहू दे की. मी कुठे काढते? पन ते येनार नाहीत. लग्नाच्या दिवशी दारात मी उभी राहनार. आलेल्या मानसानं कोनाकडे बघायचं?"

"दारात आम्ही आहोत की उभे राहायला."

"मग तुमचंच टाका. मुलगी कोनाची, ते पन तुमचंच लिवा."

काकाच्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी पाटीकडे. भाऊ मध्ये पडले नाहीत. ते कधीच पडत नसत. नुसता पाटीचा कोपरा धरून बसले होते, ती घसरू नये म्हणून. दिरानं पेन उचललं. मला वाटलं, आता हा खोडणार. सगळ्यांनाच वाटलं असावं, कारण वहिनीनं मान फिरवली. त्यानं काच जवळ ओढली आणि तिच्या नावाच्या आधी, बारीक अक्षरात, 'श्रीमती' लिहिलं. तेवढं तिचं लिहायचं राहिलं होतं.

"हं," भाऊ म्हणाले. "आता चहा टाका."

निघताना वहिनी माझ्या कानाशी आली. "ताई, छापताना माजं अक्षर नको हां. नीट छापा."

मी म्हटलं, झालं. पाटीच ठेवणार हा माणूस. पण दुकानात आल्यावर पाटीचं दुसरं रूप कळलं. हातानं लिहिलेलं छापील करून देणारं एक बटण तिच्यात होतं. ते दाबलं. पाटीला फक्त इंग्रजी येत होतं. तिनं भाऊंच्या सगळ्या मजकुराची इंग्रजी अक्षरं आणि आकडे करून टाकले, कैलासवासी माणसाच्या जागी तर नुसतं एक प्रश्नचिन्ह आलं. भाऊंनी रुमालानं ते प्रश्नचिन्ह पुसून पाहिलं. "अहो," शेवटी म्हणाले, "असं नका करू."

म्हणजे मी सगळं पुन्हा टाइप करणं आलं, कागदावर काढणं आलं, आणि भाऊंचं सांडोरला पुन्हा जाणं आलं. गेलेही. त्या रात्री गुडघा एवढा सुजला, की पुढे तीन-चार दिवस दुकान मीच उघडलं. मग मी स्पष्टच बोलले. "भाऊ, पाटी म्हणजे महागातला कागद. त्यापेक्षा कागद बरा, तापत तरी नाही."

"कागद बरा," ते म्हणाले. "पण पाय कुठून आणू?"

मार्गशीर्षात तो मशीनवाला आला. भाऊ दुकानात खाली चटईवर बसले होते, पाय लांब करून. दोन्ही मशीनं पुढ्यात. मला वाटतं, ते तसे सकाळपासून बसले होते.

"काय ठरलं अंकल? पाटी की पेटी?" भाऊंचे शब्द त्यानंही उचलले होते.

भाऊंनी पाय जवळ घेतले. त्यांनी लॅपटॉपचं झाकण उघडलं आणि मागे ढकलायला लागले. आणखी मागे. आणखी.

"अंकल, तुटेल! तुटेल!"

तुटलं नाही. त्या मशीनच्या बिजागऱ्या बऱ्या होत्या. झाकण मागे जाऊन जमिनीला टेकलं, आणि पेटी पुस्तकासारखी सपाट पडली. अलीकडे बटणं, पलीकडे पडद्यावर होळीच्या घरची पत्रिका, दोन्ही आभाळाकडे तोंड करून.

"भिंत गेली," भाऊ म्हणाले. मग मशीनवाल्याला, "तू पलीकडे बस. काय दिसतं?"

"उलटं दिसतं ना अंकल. तिकडून तुम्हाला सरळ, इकडून उलटंच दिसणार."

भाऊंचा चेहरा पडला. मी म्हटलं, जरा फिरवून बघू, आणि पेटी उचलायला गेले. माझा अंगठा कुठेतरी पडला, दुसरी बोटं आणखी कुठे पडली, आणि पडद्यावरचं सगळं चित्र एकदम डोक्यावर उभं राहिलं. गणपती खाली डोकं, वर पाय. मी ओरडलेच. "गेला! भाऊ, बिघडला!"

मशीनवाला हसायला लागला. "काही नाही हो आंटी. तीन बटणं एकदम दाबली की स्क्रीन पलटतो. होतं असं चुकून. थांबा, सरळ करतो."

त्यानं हात पुढे केला, तो भाऊंनी मनगटाला धरला.

"राहू दे. आता काय दिसतं?"

"आता मला सरळ दिसतं."

"वाच."

तो वाचायला लागला. 'आमचे येथे श्रीकृपेकरून...' आणि दुसऱ्या बाजूनं, बटणांच्या अंगानं, भाऊ त्याच्याबरोबर तेच वाचायला लागले. त्याला सुलटं, यांना उलटं, आणि दोघं एका सुरात, आरती म्हटल्यासारखे. मला एक अक्षर लागत नव्हतं. वाचून झाल्यावर भाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुम्हाला असं टाइप करता येईल?"

"बटणं सरळच आहेत. पडद्याकडे न बघता करीन."

"आणि हे अक्षर फार चांगलं आहे. बिघडवता येईल?"

मग आठवलं, किलबिलीच्या ओळीसाठी आमच्याकडे एक फॉन्ट होता, लहान मुलानं गिरवल्यासारखा, वेडावाकडा. सगळी पत्रिका त्यात टाकली. भाऊंनी मान तिरकी करून पाहिलं. "याहून वाईट नाही का?" नव्हता. "बरं, चालेल. याच्याशी कोणीही भांडेल."

मशीनवाल्याला वाटलं, दोघं चेष्टा करतायत. "अंकल, एवढा चांगला लॅपटॉप, आणि तुम्ही त्याला आडवा पाडून, उलटा करून, घाण अक्षरात..."

"हो," भाऊ म्हणाले. पाटी उचलून, रुमालानं पुसून त्यांनी त्याच्या हातात दिली. "यांना सांभाळून ने. चांगल्या आहेत. जरा मराठी शिकवा म्हणावं." आणि मग माझ्याकडे वळून, लग्नघरात म्हणायचे त्याच सुरात भाऊ म्हणाले, "हं. आता चहा मागवा."

त्यानंतर काही वर्षं आम्ही दोघं तसेच हिंडलो. चटई, आडवी पेटी, डोक्यावर उभा गणपती. मी न बघता टाइप करायची, भाऊ उलटं वाचून मला चुका सांगायचे, आणि पलीकडची माणसं त्या वेड्यावाकड्या अक्षरांशी मनापासून भांडायची. एका खेपेत काम व्हायचं. मग तिथेच मी फॉन्ट बदलून सुबक पत्रिका करून दाखवायची, म्हणजे भांडण मिटल्याचं सगळ्यांना दिसायचं. होळीच्या त्या आत्याच्या नातीची पत्रिकाही आमच्याकडेच आली. आत्या सगळ्यात पुढे बसली होती.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा भाऊ आमच्या फ्लॅटवर आले. लिफ्ट बंद होती, दोन मजले चढून आले. चटई घातली, पेटी आडवी केली. मी सवयीनं त्यांच्या बाजूला जाऊन बसले.

"इकडे कुठे? आज तुम्ही गिऱ्हाईक. तिकडे बसा."

"मग टाइप कोण करणार?"

"करीन मी."

एका बोटानं करायला लागले. मी मिस्टरांशेजारी बसले. एवढ्या घरांत गेले, पण या बाजूला मी कधी बसले नव्हते. सगळं सुलटं दिसत होतं. एकेक अक्षर माझ्याकडे तोंड करून येत होतं. मिस्टरांनी सगळ्यात वर त्यांच्या थोरल्या भावांचं नाव सांगितलं. साताऱ्याला असतात. वास्तुशांतीला आले नव्हते, मुलीच्या बारशालाही नाही, आणि लग्नाला येतो असंही अजून म्हणाले नव्हते. मी नाव वाचलं आणि गप्प बसले. थोरले आहेत, पद्धत आहे, कशाला विषय काढा. गॅसवर चहाचं आधण ठेवलेलं होतं, ते बघायला म्हणून उठले.

"बसा," भाऊ म्हणाले. "मी अजून म्हटलेलं नाही."

"पण झालं की भाऊ सगळं. माझं काही नाही."

"असं?" त्यांनी पेटीवरचं बोट काढलं, हात मांडीवर ठेवले. "मग आम्ही बसतो."

आणि बसले. मिस्टर त्यांच्याकडे बघतायत, मग माझ्याकडे. आत आधण आटत चाललेलं मला ऐकू येत होतं. मी ते वाकडंतिकडं अक्षर पुन्हा वाचलं. लहान मुलानं गिरवल्यासारखं. पुसलं तर पुसेल असं.

"ते पहिलं नाव," मी मिस्टरांना म्हटलं, "ते दारात उभे राहणार आहेत का?"

मग जे व्हायचं ते झालं. बरंच मागचं निघालं, माझ्या मामाचं नाव राहिलं होतं तेसुद्धा. शेवटी साताऱ्याला फोन लागला, त्यावरही थोडं झालं. नाव राहिलं, पण दुसऱ्या ओळीत. आधण दोनदा आटलं. तिसऱ्यांदा ठेवलं, तेव्हा कुठे बाहेरून आवाज आला.

"हं. आता टाका."